पेशींची दुरुस्ती आणि प्रवरेचे खोरे

ज्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे आणि ज्याला बोलताना लोक अजूनही नुसते नगर म्हणतात, त्याच्या वायव्य टोकाला, कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या दरम्यानच्या डोंगराळ मुलखात प्रवरा उगम पावते. 1926 साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणात ती अडते आणि तिथून अकोले, संगमनेर, लोणी अशी खाली उतरत नेवाशाकडे जाते. या नदीच्या उगमाकडील अकोले तालुक्यात, तेथील सत्यनिकेतन संस्थेच्या साह्याने, आदिवासी बालकांच्या पोषणाची आणि आदिवासींच्या रक्ताच्या गुणधर्मांची पाहणी ज्यांनी केली, त्या डॉ. कमल रणदिवे मूळच्या कर्करोगाच्या संशोधक होत्या, आणि भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांच्याच हातून मुंबईत उभी राहिली होती. मुंबईतल्या परळच्या सूक्ष्मदर्शकापासून सह्याद्रीच्या वाड्यावस्त्यांपर्यंतचा हा प्रवास एका व्यक्तीच्या सेवाभावाची कथा म्हणून सांगितला जातो, आणि तशी ती आहेही. परंतु पेशीच्या आतली दुरुस्ती करणारी प्रथिने आणि पेशीपेशींतून निरोप वाहणारी प्रथिने यांनाच लक्ष्य करणारी औषधे आज वैद्यकाच्या हाती आली असताना, त्या प्रवासाकडे निराळ्या दृष्टीने पाहणे मला अगत्याचे वाटते. ती औषधे शोधणारे ज्ञान आणि ती ज्यांना हवीत ती माणसे यांच्यामधले अंतर कुठे आणि कशामुळे पडते, एवढाच प्रश्न या लेखात मी घेतला आहे.

कमलाबाईंचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक. शिक्षण हुजूरपागेत आणि पुढे फर्ग्युसनमध्ये. 1943 साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून त्यांनी एम. एस्सी. ही पदवी घेतली, तेव्हा त्यांचा विशेष विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे. त्याआधी 1939 साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या होत्या. टाटा स्मारक रुग्णालय 1941 च्या फेब्रुवारीत सुरू झाले होते आणि भारतीय विकृतिशास्त्राचे अध्वर्यू डॉ. वसंत रामजी खानोलकर तेथे होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी 1949 साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, आणि त्यांच्याच सल्ल्याने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत जाऊन, शरीराबाहेर काचपात्रात पेशी जिवंत ठेवण्याची विद्या त्या शिकून आल्या. परत आल्यावर 1952 साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ती विद्या रुजवली, कर्कजनन, पेशीविज्ञान आणि प्रतिकारशास्त्र असे स्वतंत्र विभाग उभे केले, आणि 1966 ते 1970 या काळात त्या केंद्राच्या संचालकपदाची धुरा वाहिली. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 2001 च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचा गाभा स्तनाच्या कर्करोगाचा होता. पिढ्यानपिढ्या आपसांत वाढवलेल्या उंदरांच्या जातींत हा रोग काही घराण्यांना वारंवार ग्रासतो आणि काहींना शिवत नाही, असे का, हा त्यांचा प्रश्न होता. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू या तिन्ही बाजूंनी त्यांनी तो तपासला. रोगाचा कल वंशातून उतरतो हे त्यांना आणि त्यांच्या समकालीनांना दिसत होते. मात्र जे उतरते ते नेमके काय, हे सांगण्याची साधने कुणापाशीच नव्हती. त्यांची डॉक्टरेट झाली तेव्हा डीएनएची दुपदरी रचना उकलायची होती. ती 1953 साली उकलली.

आपल्या पेशीतील डीएनएचा एकेक संच सुमारे तीन अब्ज अक्षरजोड्यांचा असतो, आणि तो स्थिर नसतो. शरीराच्या उबेत, पाण्यात, श्वासाबरोबर आलेल्या प्राणवायूच्या संसर्गाने त्याची अक्षरे दर दिवशी, दर पेशीत, हजारोंच्या संख्येने बिघडतात. अशा पदार्थावर सजीवसृष्टी टिकतेच कशी, या विचारातून स्वीडनमध्ये जन्मलेले टोमास लिंडाल यांनी 1970 च्या दशकात शोध सुरू केला, आणि बिघडलेले अक्षर हुडकून काढून टाकणारे एक प्रथिन 1974 साली त्यांना सापडले. पुढे पॉल मॉड्रिक यांनी नक्कल करताना झालेल्या चुका कशा सुधारल्या जातात हे उलगडले, आणि अझीझ सान्जार यांनी सूर्यप्रकाशाने वा विषारी द्रव्यांनी झालेली इजा कापून कशी काढली जाते हे दाखवले. या तिघांना 2015 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बिघाड हा अपवाद नसून नित्याचा आहे, आणि निरोगी शरीर म्हणजे ज्यात दुरुस्तीचा बंदोबस्त चोख आहे ते, ही या शोधांतून पुढे आलेली समज मला गेल्या शतकातील सर्वांत मोलाच्या समजुतींपैकी एक वाटते.

या समजुतीचा अकोल्याच्या बालकांशी काही संबंध आहे काय? कमलाबाई ज्या पाहण्या करीत होत्या त्यांचा हेतू डीएनए नव्हता. परंतु पालेभाज्यांतून आणि कडधान्यांतून मिळणारे फोलेट हे जीवनसत्त्व कमी पडले की डीएनएला लागणारे थायमिन पुरेसे तयार होत नाही, त्याच्या जागी युरॅसिल हे परके अक्षर शिरते, ते काढण्यासाठी लिंडाल यांना सापडलेले तेच प्रथिन धावून येते, आणि समोरासमोरच्या दोन्ही धाग्यांवर एकाच सुमारास कापणी झाली तर गुणसूत्रच तुटते, हे ब्रूस एम्स यांच्या गटाने 1997 साली मानवी रक्ताच्या अभ्यासातून मांडले. म्हणजे दुरुस्तीची यंत्रणा शाबूत असूनही तिला अन्नाची जोड नसेल तर तीच तुटीला कारण होते. बालकाच्या ताटात काय पडते याची नोंद घेणे आणि पेशीच्या केंद्रकात काय घडते याचा शोध घेणे ही दोन टोकांची कामे आहेत असे आपण मानतो. एका संशोधिकेने ती एकाच आयुष्यात केली, आणि विज्ञानाने पुढे त्यांची सांगड घातली.

प्रवरेच्या काठाने खाली उतरले की संगमनेर लागते. ऊस आणि सहकार येण्याच्या आधीपासून या गावाची ओळख विडीच्या धंद्याने झालेली आहे, आणि नगर शहरातही पद्मशाली समाजाच्या वस्तीत घरोघर विड्या वळल्या जात. भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान मापाच्या पत्र्यावर ठेवून कात्रीने कापायचे, मांडीवरच्या सुपातून चिमूटभर तंबाखू घेऊन पानात सारखी पसरायची, दोन्ही हातांच्या बोटांनी वळायची, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा, आणि हे दिवसभरात शेकडो वेळा करायचे. हिशेब हजार विड्यांवर होतो. या कामात स्त्रिया बहुसंख्य असतात, आणि त्यांच्यातील बहुतेकींनी विडी कधी ओठाला लावलेली नसते. तरीही तंबाखूची धूळ श्वासातून जाते, बोटांच्या कातडीतून मुरते. डॉ. रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मुंबईच्या ज्या संशोधन संस्थेत कमलाबाईंनी काम केले होते तेथूनच, 1990 च्या दशकात विडी व्यवसायातील कामगारांच्या शरीरातील तंबाखूचा अंश आणि त्यांच्या गुणसूत्रांतील तूट यांचे मोजमाप केले, तेव्हा तंबाखूशी संबंध नसलेल्यांपेक्षा या कामगारांत ती अधिक आढळली. मिसरी लावण्याच्या सवयीचाही अभ्यास याच गटाने केला. तंबाखूतील नायट्रोसामाइन द्रव्ये डीएनएच्या अक्षरांना चिकटतात. दुरुस्तीची प्रथिने ती सोडवीत राहतात. परंतु माल रोज येत असेल तर सोडवणूक मागे पडते, आणि मागे पडलेल्या एखाद्या दुरुस्तीतून वर्षांनी गाठ उठते. कायद्याने विडी कामगारांना 1966 सालापासून कामगार म्हणून मान्यता आहे. या इजेची नोंद मात्र कोणत्याच हजेरीपटावर होत नाही.

आता ज्या औषधांविषयी सांगायचे त्यांकडे वळतो. स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा कल वंशातून आणणारे एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर असले पाहिजे, हे अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 साली दाखवले; 1994 साली बीआरसीए-1 नावाचे ते जनुक हाती लागले, पाठोपाठ तेराव्या गुणसूत्रावरचे बीआरसीए-2 सापडले. परळच्या उंदरांच्या घराण्यांत कमलाबाई ज्या वंशागत कलाचा मागोवा घेत होत्या, त्यातील मानवी बाजूचा एक मोठा हिस्सा येथे नावानिशी उभा राहिला. या जनुकांवरून तयार होणारी प्रथिने दुरुस्तीच्याच कामाची निघाली: डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले असता, शेजारच्या शाबूत प्रतीवरून बिनचूक जोडणी करण्यात त्यांचा वाटा असतो. ज्या स्त्रीला यातील एक सदोष प्रत मिळालेली असते तिला ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास जाते, आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाची शक्यता बीआरसीए-1 च्या बाबतीत चव्वेचाळीस टक्के, तर बीआरसीए-2 च्या बाबतीत सतरा टक्के भरते.

पेशीत दुसरे एक प्रथिन असते, पार्प नावाचे. एकाच धाग्याला पडलेली लहान चीर बुजविण्याची जबाबदारी त्याच्याकडे असते. 2005 साली लंडनमधील आणि शेफील्डमधील दोन गटांनी एकाच वेळी प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असे दाखवले, की पार्पला निकामी करणारे रसायन दिले असता बीआरसीएची जोडणी गमावलेल्या पेशी मरतात आणि इतर पेशी तगतात. नगर जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागातील माणसाला याचे मर्म सांगावे लागणार नाही: विहीर आटली तर गाव टँकरवर निभावते, टँकर आला नाही तर विहिरीवर निभावते, पण आटलेल्या विहिरीच्या गावाचा टँकर बंद झाला तर गाव उठते. कर्करोगाच्या गाठीतील पेशींनी बीआरसीएची उरलेली चांगली प्रतही गमावलेली असते, रुग्णाच्या बाकीच्या शरीरात ती असते, आणि म्हणून एकच गोळी एका ठिकाणी मारक ठरते व दुसऱ्या ठिकाणी सोसवते. दोन दोष वेगवेगळे असताना सजीव जगतो व एकत्र आले की मरतो, हे निरीक्षण माश्यांवर प्रयोग करणाऱ्या कॅल्विन ब्रिजेस यांनी 1922 सालीच नोंदवून ठेवले होते.

ओलापारिब हे या वर्गातील पहिले औषध 2014 च्या डिसेंबरात अमेरिकेत व युरोपात बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. पुढे स्तन, स्वादुपिंड आणि पुरुषांतील प्रोस्टेट यांच्या कर्करोगांसाठीही त्याला मान्यता मिळाली. त्याचे यश किती, हे अतिशयोक्ती न करता सांगणे माझे कर्तव्य आहे. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात, नेहमीच्या रसायनोपचाराने रोग सरासरी 4.2 महिने आटोक्यात राहिला, तर या गोळीने 7 महिने. लाभ आहे, पण तो तीन महिन्यांहून थोडा कमीच. हीच गोळी शस्त्रक्रियेनंतर, रोग पसरण्याआधी, एक वर्ष दिली असता तीन वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण 77.1 वरून 85.9 टक्क्यांवर गेल्याचे 2021 साली प्रसिद्ध झाले. औषध लवकर पोचणे आणि उशिरा पोचणे यांतील हा फरक आहे. शिवाय काही गाठींतील पेशी आपल्या बीआरसीए जनुकात नवा बदल घडवून ते पुन्हा चालू करतात आणि औषध निष्फळ होते, हेही 2008 सालापासून ठाऊक आहे.

दुसरी शाखा संदेशवहनाची. पेशीने वाढावे, थांबावे वा मरावे, हे निरोप तिच्या पृष्ठभागावरील आणि आतील प्रथिने एकमेकांस देत असतात, आणि त्यांतील एखादे सतत ‘वाढ’ हाच निरोप देऊ लागले की रोग होतो. दीर्घकालीन रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन असे एक प्रथिन जन्मास येते. त्याला अडवणारे इमॅटिनिब 2001 साली आले, आणि दहा वर्षांनंतरही ते घेणाऱ्यांपैकी 83 टक्के रुग्ण हयात असल्याचे आढळले. या औषधाच्या पेटंटविरुद्ध मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली, प्रकरण चेन्नईच्या पेटंट कचेरीपासून वर चढत गेले, आणि 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने कंपनीचा दावा फेटाळला. महिना सुमारे 1,20,000 रुपयांचे मूळ औषध आणि आठ-दहा हजारांचे देशी औषध, असा तो वाद होता. त्याच्या आदल्या वर्षी, 9 मार्च 2012 रोजी, मुंबईच्या पेटंट कचेरीतून नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी सोराफेनिब या, यकृताच्या व मूत्रपिंडाच्या कर्करोगात निरोप तोडणाऱ्या औषधाचा सक्तीचा परवाना एका हैदराबादच्या कंपनीस दिला, आणि महिन्याचा खर्च 2,80,000 रुपयांवरून 8,880 रुपयांवर आला. असा परवाना भारतात प्रथमच दिला जात होता. प्रयोगशाळेतील शोधाइतकीच हे दोन हुकूमनामे आपल्या आरोग्याच्या इतिहासात लिहून ठेवावेत असे आहेत.

याच संदर्भात टाटा रुग्णालयाच्या एका प्रयोगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. गाठ काढण्यापूर्वी तिच्या भोवती लिग्नोकेन हे बधिरतेचे साधे औषध टोचले असता काय होते, हे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली सुमारे 1,600 स्त्रियांवर तपासले गेले, आणि पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्के झाल्याचे 2023 साली प्रसिद्ध झाले. पेशीच्या आवरणातील सोडियमची दारे बंद होऊन शस्त्रक्रियेच्या वेळी होणारे निरोप थांबत असावेत, अशी त्यामागील उपपत्ती आहे. लिग्नोकेनची कुपी कोणत्याही तालुक्याच्या शस्त्रक्रियागृहात असते.

औषधाची किंमत उतरवता येते, हे यावरून दिसले. मग प्रवरेच्या खोऱ्यातील रुग्णापर्यंत ते पोचताना अडते कुठे? माझ्या मते ते अडते ओळखीपाशी. ही औषधे सर्वांना देण्याची नाहीत; ज्याच्या गाठीत ठरावीक दोष आहे त्यालाच ती उपयोगी, आणि तो दोष आहे की नाही हे कळण्याची वाट एका लहानशा तुकड्यातून जाते. गाठीचा तुकडा काढला की तो तत्काळ दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, स्वतःच्या आकाराच्या कितीतरी पट द्रवात, बुडाला पाहिजे. सहा तासांहून कमी नाही आणि तीन दिवसांहून अधिक नाही इतका वेळ तो त्यात राहिला पाहिजे. मग मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ज्याला सगळे ब्लॉक म्हणतात त्यात, तो बसवून केसाहून पातळ काप घेतले जातात. स्तनाच्या कर्करोगात पंधरा ते वीस टक्के स्त्रियांच्या पेशींवर हर-2 नावाचे निरोपवाहक प्रथिन अतोनात वाढलेले असते. काप रंगवला की प्रत्येक पेशीभोवती गडद तपकिरी कडे पूर्ण उमटते, आणि ते दिसले तर ट्रास्टुझुमॅब हे औषध, जे आता भारतातही बनते, तिला द्यावे असा निर्णय होतो. तुकडा फॉर्मॅलिनऐवजी नुसत्या मिठाच्या पाण्यात पाठवला गेला, किंवा आठवडाभर बाटलीत पडून राहिला, तर ते कडे उमटत नाही वा फसवे उमटते, आणि जगातील उत्तमोत्तम औषध असूनही तिच्यासाठी ते नसल्यासारखेच होते.

लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि त्याच परिसरात 1984 साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. म्हणजे विकृतिशास्त्राचा विभाग, सूक्ष्मदर्शक आणि शिकणारे विद्यार्थी या खोऱ्यात आहेत. सरकारच्या महात्मा फुले योजनेतून कर्करोगाच्या पुष्कळ उपचारांचा खर्चही मिळतो. उणीव आहे ती या सर्वांच्या आधीच्या पायरीची, आणि ती भरून काढण्याचा दाखला याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले, आणि अक्षरओळख नसलेल्या गावच्या स्त्रियांना बाळंतपण, पोषण, कुष्ठरोग, क्षय यांचे ज्ञान दिले. 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. ज्या स्त्रिया बाळाचे वजन घेऊन आलेख काढू शकल्या, त्यांच्या आजच्या वारस असलेल्या आशा कार्यकर्तीला घराण्याचा आजार विचारता येणार नाही, हे मला पटत नाही.

तो विचारण्याची रीत अवघड नाही. मुंबईच्या आनुवंशिक कर्करोग चिकित्सालयात समुपदेशक कागदावर पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ काढतो, पिढी खाली पिढी मांडतो, ज्यांना कर्करोग झाला त्यांची आकृती काळी करतो, जे वारले त्यांच्यावर तिरकी रेघ मारतो, आणि समोर बसलेल्या व्यक्तीकडे बाण दाखवतो. आई, आजी आणि मावशी यांच्याविषयी बहुतेक जण आपण होऊन सांगतात. आत्याविषयी विचारावे लागते, कारण स्त्रियांचा हा रोग बापाकडूनही उतरू शकतो हे कुणाच्या मनातच येत नाही. सदोष प्रत प्रत्येक अपत्यास मिळण्याची शक्यता निम्मी असते, मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. सासरी आलेल्या स्त्रीच्या बाबतीत तिच्या माहेरची ही माहिती सासरच्या कुणाला नसते, आणि लग्नाच्या बाजारात बोल लागेल या भयाने ती मुद्दाम झाकलीही जाते. हे भय खरे आहे. ते निराधार म्हणून झटकून टाकणाऱ्याने मुलीच्या बापाची जागा समजून घेतलेली नाही. म्हणूनच ही चौकशी चावडीवर व्हायची नसून घराच्या आत, विश्वासाच्या स्त्रीने, गुप्तता पाळून करायची आहे.

एक गोष्ट तेवढी लवकर करावी लागते. जनुकाची पहिली तपासणी शक्यतो ज्या व्यक्तीला रोग झाला तिचीच व्हावी लागते; तिच्यात दोष कुठल्या अक्षरावर आहे हे एकदा कळले, की तिच्या बहिणींची आणि लेकींची तपासणी फक्त त्या एका जागेपुरती करावी लागते, ती स्वस्त असते आणि तिचे उत्तर निःसंदिग्ध असते. आईचे रक्त घ्यायचे राहून गेले आणि ती वारली, तर मग मागे उरतो तिचा ब्लॉक. फॉर्मॅलिनने तुटक्या झालेल्या डीएनएतूनही पुष्कळदा उत्तर काढता येते, पण तो ब्लॉक कुठे ठेवला आहे हे कुणाला तरी ठाऊक असले पाहिजे. ज्या लेकीत दोष निघेल तिला पंचविशीपासून दर वर्षी एमआरआय, आणि मुले झाल्यावर पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान बीजांडकोश काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो; ज्या लेकीत तो निघणार नाही तिला यातले काहीच करावे लागत नाही.